दोन टिंबांचा घोळ : जर्मन शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की जर्मन शिकताना नेमकं कुठे गाडी अडते, तर व्याकरणाबद्दल पत्रं येतील असं वाटलं होतं पण बहुतेकांचं रडगाणं एकच निघालं, शब्द सारखे दिसतात, सारखे ऐकू येतात आणि ऐन परीक्षेत उलटेपालटे होतात. नाशकात आता कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत जर्मनच्या क्लासचे बोर्ड दिसतात, त्यात 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयवाली मुलंही या रांगेत आलीत, त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. आपण रोमन अक्षरं छापत नाही, म्हणून उच्चार देवनागरीत देतेय आणि स्पेलिंग सांगायचं असेल तिथे अक्षरांची नावं घेतेय, जरा सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, बी-वन या पातळीच्या जर्मन परीक्षेची तयारी चालू आहे. अक्षरावर दोन टिंबं असलेले आणि नसलेले शब्द मला एकच वाटतात. शोन आणि श्योन, द्रुकन आणि द्र्युकन. सर म्हणतात पाठ कर. किती पाठ करू? आणि टिंब राहिलं तर खरंच एवढा फरक पडतो का?
— एक विद्यार्थिनी, सिडको

पडतो गं, आणि तुझ्या कामात तर जास्तच पडतो. शोन म्हणजे आधीच, झालं सुद्धा. श्योन म्हणजे सुंदर. इथे चुकलं तर लोक हसून सोडून देतील. द्रुकन म्हणजे छापणं आणि द्र्युकन म्हणजे दाबणं, ढकलणं, दुकानाच्या दारावर दुसरा असतो, तिथेही काही बिघडत नाही. पण आता हे बघ. 'देर पात्सिएंट वुर्डे ऑपेरीर्ट', म्हणजे पेशंटचं ऑपरेशन झालं. त्याच 'वुर्डे'च्या यू वर दोन टिंबं टाकलीस की 'व्युर्डे' होतं, आणि मग ऑपरेशन झालेलं नाही, झालं असतं किंवा होईल अमुक केलं तर, असा जर-तर वाला अर्थ येतो. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रिपोर्ट देतेस ना, तिथे हा फरक केवढा मोठा आहे ते मी तुला सांगायला नको.

हाटे (जवळ होतं) आणि हेटे (जवळ असतं तर), कॉन्टे (जमलं) आणि क्यॉन्टे (जमलं असतं), सगळे याच घरातले. बिनटिंबांचा म्हणजे घडून गेलेलं, टिंबांचा म्हणजे मनातलं, अटीतलं, नाहीतर अदबीने मागितलेलं. बेकरीत 'इख हेटे गेर्न' म्हणतात ते 'मला हवं होतं' अशा नरम सुरातलं मागणं असतं. म्हणजे बघ, एका नियमात चार-पाच जोड्या सुटल्या, पाठ कुठे करायचं राहिलं? अनेकवचनाचंही असंच, मुटर म्हणजे आई, म्युटर म्हणजे आया, ब्रुडर एक भाऊ, ब्र्युडर अनेक. तिथे टिंबं म्हणजे आपल्याकडे 'घोडा'चं 'घोडे' होतं तसं व्याकरणाचं काम करतात.

उरतात ते शोन-श्योन सारखे, ज्यांचं एकमेकांशी आज काही देणंघेणं नाही असं धरून चालायचं. त्यांच्याबाबत माझं स्पष्ट मत आहे, जोड्या करून पाठ करू नकोस. वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे शोन उजवीकडे श्योन लिहिलंस की मेंदू दोघांना एकाच खणात ठेवतो आणि मग परीक्षेत दोघेही एकदम हात वर करतात. क्लासमध्ये जोड्या शिकवतात कारण फळ्यावर छान दिसतं. त्यापेक्षा आधी एकच घे, त्याची वाक्यं कर, बोल, ते तोंडात बसू दे, आणि मगच दुसऱ्याला हात लाव, तोही वाक्यातूनच. 'इख बिन शोन दा', मी आलेय केव्हाची. हे एकदा बसलं की 'श्योन' वेगळ्याच दारातून आत येतो.

आणि उच्चार. टिंबवाल्या यू साठी तोंडात 'ई' म्हणायचं आणि ओठ मात्र 'ऊ' चे करायचे, शिट्टी वाजवताना करतो तसे. टिंबवाल्या ओ साठी आत 'ए' आणि बाहेर ओठ 'ओ' चे. आरशासमोर कर, घरचे हसतील, हसू दे. मी इथे 'यु' 'यो' जोडून लिहितेय ती फक्त छपाईची सोय आहे, 'श-य' असा तुटक उच्चार करायचा नाही. मोबाइलवर टाइप करताना अक्षर दाबून धरलं की टिंबं मिळतात, आणि नाहीच मिळाली तर त्या अक्षरापुढे ई लावायचा, जर्मन लोकही तेच करतात. पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या माक्स म्युलर भवनाच्या बोर्डावर म्युलरमध्ये यू नंतर ई आहे तो त्यासाठीच. मुळात ती टिंबं म्हणजे ई च आहे, पूर्वी अक्षराच्या डोक्यावर बारीक ई लिहायचे आणि जुन्या जर्मन हस्ताक्षरात ई दोन उभ्या रेघांसारखा दिसायचा, तो झिजत झिजत दोन टिंबं झाला. म्हणून साधा यू टाकून पुढे जाऊ नकोस. मे महिन्यात हवा दमट आहे असं लिहायला 'श्व्यूल' लागतं, टिंबं विसरलीस तर 'श्वूल' होतं आणि वाक्याचा अर्थ होतो 'आज हवा समलिंगी आहे'.

प्रश्न : मॅडम, मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. जर्मन ड्रॉइंग आणि मॅन्युअल येतात. ट्रान्सलेटर लावतो पण तो कधीकधी भलतंच सांगतो, एकदा नटाच्या जागी आई आली होती. दुसरं म्हणजे मास्से आणि मासे यात मी कायम गडबडतो.
— एक वाचक, सातपूर

आईचं तर बरोबरच आहे हो, जर्मनमध्ये मुटर म्हणजे आई आणि मुटर म्हणजे नटही, बोल्टावर फिरतो तो. स्पेलिंग एक, लिंगही एक, दोन्ही स्त्रीलिंगी. वेगळे होतात ते अनेकवचनात, आया म्हणजे म्युटर आणि नट म्हणजे मुटर्न, टिंबं नाहीत आणि शेवटी एन. म्हणजे पार्ट लिस्टमध्ये 'मुटर्न' दिसलं तर बिनधास्त नट समजा. शेजारी 'श्राउबे' असेल तर प्रश्नच मिटला, तो स्क्रू. 'फेडर'ही तसाच आहे, पक्ष्याचं पीस आणि स्प्रिंग दोन्ही. तुमच्या ड्रॉइंगवर पिसं असण्याचं काही कारण नाही.

आता मास्से आणि मासे. (मराठी माणसाला भूक लागेल असे उच्चार आहेत खरे.) डबल एस वालं मास्से म्हणजे वस्तुमान, किंवा ढीग, आणि इलेक्ट्रिकलच्या डायग्रामवर असेल तर ग्राउंड. आणि कॅपिटल बी सारखं दिसणारं ते खास जर्मन अक्षर, एस्त्सेट म्हणतात त्याला, ते असेल तर मासे, म्हणजे मापं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'आले मासे इन मिलिमीटर' असं असतं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. नियम सोपा आहे, एस्त्सेटच्या आधीचा स्वर लांब, डबल एसच्या आधीचा आखूड. 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेपासून हे बऱ्यापैकी सरळ झालंय, त्याआधीच्या छापलेल्या मॅन्युअलमध्ये आखूड स्वरानंतरही एस्त्सेट दिसेल, नदीला 'फ्लुस' म्हणतात तो शब्द जुन्या पुस्तकात एस्त्सेटने लिहिलेला असतो आणि आता डबल एसने, तर जुनं मशीन असेल तर मॅन्युअलचं साल आधी बघा.

पण तुमची खरी अडचण वेगळी असणार असा माझा अंदाज आहे. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये सगळं कॅपिटलमध्ये असतं ना? एस्त्सेटचं कॅपिटल अक्षर अधिकृतपणे आलं ते थेट 2017 मध्ये, तोपर्यंत कॅपिटलमध्ये त्याच्या जागी दोन एस लिहायची पद्धत होती आणि अजूनही चालते, म्हणजे मापं आणि वस्तुमान दोन्ही कागदावर हुबेहूब एक. त्यात ड्रॉइंग स्वित्झर्लंडहून आलं असेल तर तिथे एस्त्सेट वापरतच नाहीत, छोट्या अक्षरातही नाही. तिथे शब्दाकडे बघून उपयोग नाही, शेजारचं युनिट बघा, किलोग्रॅम असेल तर वस्तुमान, मिलिमीटर असेल तर मापं. ट्रान्सलेटर सुटा शब्द घेतो म्हणून तोंडावर पडतो, त्याला अख्खी ओळ द्या, सुधारतो.

आणखी एक तुमच्याच कामाचा, लाइटर. याचा लायटरशी संबंध नाही. 'देर लाइटर' म्हणजे प्रमुख, आणि विजेचं काम चालू असेल तर कंडक्टर. 'दी लाइटर' म्हणजे शिडी. सेफ्टीच्या बोर्डावर बहुतेक शिडीच असते.

प्रश्न : माझी मुलगी शाळेत जर्मन घेतेय, आठवीला आहे. दास-दास आणि झाइट-झाइट यात दर पेपरात मार्क जातात. मला जर्मन येत नाही, पण तिचा अभ्यास मीच घेते. मला काही युक्ती सांगाल का?
— एक आई, इंदिरानगर

तुम्हाला जर्मन येत नाही तेच बरं आहे, कारण युक्ती मराठीतच आहे. हे शब्द कानाला एकदम सारखे आहेत, जर्मन मुलांचेही इथेच मार्क जातात, तेव्हा 'नीट ऐक' म्हणून काही होणार नाही. तिला वाक्य मराठीत करायला सांगा. जिथे 'की' येतो, 'मला माहीत आहे की तो येणार', 'आई म्हणाली की जेव', तिथे दोन एसचा दास. जिथे 'ते', 'हे', 'जे' येतं तिथे एका एसचा. बस. इंग्रजीतून गेली तर घोटाळा होतो कारण इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालून जातो, मराठीत 'की' आणि 'जे' वेगळे आहेत, आपल्याला हे फुकट मिळालंय आणि तरी सगळ्या मुलांना इंग्रजीतून शिकवतात, असो.

झाइटचंही तेच. मराठीत 'पासून' येत असेल तर शेवटी टी, 'आहात' येत असेल तर शेवटी डी. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला ड हा ट सारखा बोलतात, ब चा प आणि ग चा क, त्यामुळे डी ऐकूच येत नाही. म्हणून मृत्यू म्हणजे टोट तो डी ने संपतो, मेलेला म्हणजे टोट तो टी ने, आणि बोलायला दोन्ही एकच. पुढे वीडर भेटेल तिला, आय नंतर ई असलेला म्हणजे पुन्हा, आय नंतर ई नसलेला म्हणजे विरुद्ध. तेव्हा 'पुन्हा'वाला जास्त वेळा लागतो, शंका आली तर ई घालून मोकळं व्हायचं, बहुतेक वेळा बरोबर येतं.

प्रश्न : नमस्कार. मुलगा श्टुटगार्टला असतो, सून जर्मन आहे, नातवाशी बोलता यावं म्हणून मी आणि सौ. दोघंही ऑनलाइन शिकतोय. स्वयंपाकघर, केक, चर्च आणि चेरी या चार शब्दांनी आमचा पिच्छा पुरवलाय. नातू हसतो. वय 68, जीभ वळेल का?
— एक आजोबा, पंचवटी

वळेल हो काका, आणि नातू हसतोय म्हणजे बोलतोय तुमच्याशी, अजून काय पाहिजे.

या चौघांत खरी गंमत सी-एच ची आहे. आ, ओ, ऊ, आउ यांच्या नंतर सी-एच आला की तो घशातून येतो, आपल्या ख ला जरा घासून म्हटल्यासारखा. केक म्हणजे कूखन. स्वयंपाक करणं म्हणजे कॉखन. बाकी बहुतेक ठिकाणी तो पुढे, टाळूजवळ येतो, 'ह्य' च्या जवळ, 'ह्या' म्हणताना सुरुवातीला जी हवा जाते ना तीच. स्वयंपाकघर म्हणजे क्युह्ये, इथे टिंबवाला यू आहे म्हणून घसा नाही. चर्च म्हणजे किर्ह्ये, आणि चेरी म्हणजे किर्शे, साधा सरळ श. तुम्ही आधी फक्त स्वयंपाकघर आणि केक पक्के करा, नातवाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहेत. चर्च-चेरीचं इतकं मनावर घेऊ नका, कारण कोलोनच्या बाजूला आणि फ्रँकफुर्टकडे खुद्द तिथलेच अनेक जण चर्चला चेरीसारखं 'किर्शे' म्हणतात.

तुमच्या वयाचा एक फायदा सांगते. त्सालन म्हणजे पैसे देणं आणि त्सेलन म्हणजे मोजणं, यातला त्स म्हणजे आपल्या चाक, चोर, चव यातला च. चिमणी आणि चार मधला नाही. इंग्रजी मीडियमची पोरं स्पेलिंगमधला झेड बघून 'झालन' म्हणत बसतात, तुम्ही 'चालन' लिहून चाक सारखं वाचा, झालं. मोजण्याच्या शब्दाआधी 'एर' लावला की एर्त्सेलन, म्हणजे गोष्ट सांगणं. हा शब्द आजोबांना लागेलच.

प्रश्न : वाइन की वीन? ई-आय आणि आय-ई मध्ये मी हमखास फसतो.
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

ई-आय म्हणजे 'आइ', आय-ई म्हणजे लांब 'ई'. वाइन म्हणजे तुमच्या द्राक्षांची होते तीच, वीन म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. दोन अक्षरांतलं शेवटचं अक्षर इंग्रजीत जसं म्हणतात तसा उच्चार करायचा, शेवटी आय असेल तर 'आय', शेवटी ई असेल तर 'ई'. यावर राइझे म्हणजे प्रवास आणि रीझे म्हणजे राक्षस, लाइट म्हणजे दुःख आणि लीट म्हणजे गाणं, सगळे सुटतात.

प्रश्न : मॅम, मास्टर्ससाठी मोटिव्हेशन लेटर लिहिलंय, एकाने वाचून सांगितलं की फॉर्डर्न आणि फ्योर्डर्न मिक्स झालंय आणि 'बेकोमन' पण चुकीचं आहे. बेकोमन म्हणजे बनणं ना?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, गंगापूर रोड

नाही रे बाबा. बेकोमन म्हणजे मिळणं. 'इख बेकोमे इंजिनिअर' म्हणजे मला एक इंजिनीअर मिळतोय. बनणं म्हणजे वेर्डन. आणि ओ वर टिंबं असलेलं फ्योर्डर्न म्हणजे प्रोत्साहन देणं, पाठबळ देणं, टिंबं नसलेलं फॉर्डर्न म्हणजे मागणी करणं, तेही जरा ठणकावून. 'विद्यापीठाने माझ्या कौशल्यांना वाव द्यावा' असं लिहायला गेलास आणि टिंबं राहिली तर मोर्चाचं पत्रक होतं. लेरन आणि लेर्नन पण तपास, पहिलं शिकवणं, दुसरं शिकणं, आणि पहिल्यात एच च्या जागी अजून एक ई पडला तर रिकामं करणं. तू शिकायला चालला आहेस, एन हवा. बाकी पत्र दोन दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाच, डोळ्याला जे दिसत नाही ते तोंडाला अडतं.

प्रश्न : बिटन, बीटन, बेटन, बेट्टन. काय आहे हे?
— वाचक, देवळाली कॅम्प

विनंती करणं, देऊ करणं, प्रार्थना करणं, आणि पलंग (अनेक). टी दोन असले की आधीचा स्वर आखूड, टी एक असला की लांब. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना वाद घालतो पण बोलताना 'दिन' आणि 'दीन' बहुतेक जण सारखेच म्हणतो, त्यामुळे आपला कान इथे थोडा आळशी आहे. जर्मन कान नाही. शहर म्हणजे श्टाट आणि राज्य, देश म्हणजे श्टाऽट, फरक फक्त 'आ' किती वेळ धरला याचा आहे आणि त्यांना तो लगेच कळतो. लांब स्वर मुद्दाम जरा जास्तच लांबवा, सुरुवातीला नाटकी वाटेल, चालतं.

प्रश्न : 'झे' म्हणजे तलाव की समुद्र? पुस्तकात एकदा हा अर्थ दिलाय, एकदा तो.
— वाचक, नाशिकरोड

दोन्ही. पुल्लिंगी 'देर झे' म्हणजे तलाव, स्त्रीलिंगी 'दी झे' म्हणजे समुद्र. म्हणून बोडनझे पुल्लिंगी, तो तलाव आहे, आणि नॉर्टझे, ऑस्टझे स्त्रीलिंगी, ते समुद्र. मराठी माणसाने यात दचकायचं कारण नाही, आपण 'माझा वेळ गेला' म्हणतो आणि 'जेवायची वेळ झाली' पण म्हणतो, एकच शब्द, तो पण आणि ती पण, आणि अर्थही जरा वेगळे. 'श्टॉयर'चंही असंच, 'दी' लावला तर टॅक्स, 'दास' लावला तर गाडीचं स्टीअरिंग. शब्द पाठ करताना देर-दी-दास सकटच करा, सुटा शब्द वहीत लिहूच नका. आणि गंगापूर धरणाचं पाणी जर्मन पाहुण्याला दाखवायला नेलंत तर तो श्टाउझे, अडवलेल्या पाण्याचा तलाव, म्हणून देर.